कोपरा फाटलेलं कार्ड

मागच्या रविवारी इतवारीत एका माणसाने माझ्या डोळ्यादेखत माझं पोस्टकार्ड टराटरा फाडलं, चार तुकडे केले आणि वरून मलाच म्हणाला, जा, घरी जाऊन आंघोळ करा. चार दिवस झाले, डोकं अजून गरम आहे. आता मे महिना, नागपूर, त्यामुळे डोकं नेमकं कशाने गरम आहे हे छातीठोक सांगता येत नाही, पण मला वाटतं त्या माणसानेच.

तर मी जुनी पोस्टकार्डं जमवतो. घरी ह्याला "तो कचरा" म्हणतात. इतवारीतल्या एका भंगारवाल्याकडे पुठ्ठ्याच्या डब्यात कार्डं पडलेली असतात, त्यात मी दर महिन्याला हात घालतो. त्याच्या लेखी डब्यातलं झाडून सगळं "अंग्रेज के जमाने का". एकदा मी त्याला दाखवलं, बाबा, ह्यावर पिनकोडचे सहा चौकोन छापलेत, पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, इंग्रज जाऊन तेव्हा २५ वर्षं झाली होती. तो शांतपणे म्हणाला, "तो फिर बाद वाले अंग्रेज होंगे."

ह्या वेळी मात्र खरंच एक कार्ड सापडलं. सहाव्या जॉर्जचं डोकं, नऊ पै किंमत, आणि सीताबर्डीचा गोल शिक्का, जुलै ३९, आकडा न् आकडा वाचता येईल असा. मजकूर पेन्सिलीचा, पुसट. एक कोपरा गेलेला. ह्या धंद्यातला पहिला नियम म्हणजे आनंद दाखवायचा नाही. मी कार्ड बाजूला टाकलं, एका पितळी स्टोव्हची चौकशी केली, जांभई दिली, मग जाता जाता विचारावं तसं विचारलं, आणि ये कितने का? तीस, म्हणे. माझा हात खिशात गेला पण होता.

"काय घेऊन राह्यले?"

कूलरसमोर खुर्ची टाकून एक काका बसले होते. डोक्यावर ओला रुमाल, बुशशर्टच्या खिशात दोन पेनं, आणि मांडीवर कूलरचा जुना पंप, लहान पोर घ्यावं तसा. पंप विकायला आले होते, भाव पटत नव्हता, म्हणून भंगारवाल्याच्याच कूलरची हवा खात तो नरम पडायची वाट पाहत बसले होते.

"काही नाही काका, जुनं कार्ड आहे."

"दाखवा." मी दाखवलं. का दाखवलं? काका म्हटलं की आपण दाखवतोच. "अरे, राजा हाय ना ह्याच्यावर! तीस रुपयांत राजा देऊन राह्यला का बे तू? माह्या साडूच्या पोरानं युट्युबवर पाह्यलं, पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट तीन लाखाले चालली!"

भंगारवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "पाँच सौ."

आता माझी पंचाईत बघा. राजाला काडीची किंमत नाही हो, अशी कार्डं ढिगाने निघाली. १ जुलै १८७९ ला आपल्याकडे कार्ड सुरू झालं तेव्हा ते एका पैशाला मिळायचं, ह्या राजाच्या काळात नऊ पै म्हणजे पाऊण आण्याला, रुपयाला एकवीस कार्डं येऊन वर तीन पै उरायचे. माझा जीव अडकला होता शिक्क्यात. पण राजा फालतू आहे, शिक्का भारी आहे, असं म्हटलं की शिक्क्याचे पाचशे. गप्प राहिलं तर राजाचे पाचशे. शेवटी घासाघीस करून दोनशेवर आलो, नोट दिली, आणि कार्ड घ्यायला हात पुढे केला तर ते अजून काकांच्याच हातात.

"थांबा. ह्याचा कोपरा फाटेल हाय."

"उंदराने खाल्लाय काका."

"उंदीर एकच कोपरा खाते का? खाईन तं पूर्ण खाईन. हे मरणाचं कार्ड हाय. कोण गेलं तुमचं?"

"माझं कोणीच नाही गेलं, १९३९ चं आहे ते."

"म्हणजे गेलं तं हाय!"

चिडायची गोष्ट अशी की रिवाज खरा आहे. आनंदाच्या कार्डाला हळदकुंकवाचं बोट, आणि वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही हातात घेताच कळावं. ते वाचायचंही दाराबाहेर, वाचलं की फाडायचं, घरात न्यायचं नाही. ऑस्ट्रियाने १ ऑक्टोबर १८६९ ला जगातलं पहिलं कार्ड काढलं त्यानंतर तिकडच्या लोकांना काळजी पडली होती की आपलं पत्र नोकरचाकर वाचतील. आपण त्या उघडेपणाचा असा उपयोग करून घेतला. हे सगळं मी काकांना सांगायला लागलो, म्हणजे बघा मी किती मूर्ख, कारण ते ऐकून त्यांची खात्रीच पटली.

"तुमाले सगळं मालूम हाय, तरी घरी नेऊन राह्यले? लेकरंबाळं हायेत ना घरात?" आणि फाडलं. आधी आडवं, मग उभं. पंप मांडीवरून घसरू नये म्हणून गुडघे घट्ट जुळवून, अगदी निगुतीने. ८० पेक्षा जास्त वर्षं उंदीर, वाळवी आणि पावसाळे खाऊन जे टिकलं होतं ते. "आता सरळ घरी जा, आंघोळ करा, मंग कोणाले शिवा."

मी भंगारवाल्याला म्हटलं, पैसे परत दे. तो म्हणे, मैंने फाडा क्या? आपके अंकल ने फाडा. मी म्हटलं माझे अंकल नाहीत. काका म्हणाले, "तसंच समजा." आणि ह्यावर मी काय केलं, तर हसलो. "असू द्या काका" म्हणालो. हे मला जास्त लागलंय. दुसऱ्याचा मोबाईल असा हातात घेऊन फोडला असता तर लोक जमले असते, पोलीस आले असते. पण जुना कागद म्हणजे सगळ्या गावाच्या बापाचा, कोणीही यावं न् फाडावं, आणि वयाने मोठा असला की आपण वर त्यालाच समजून घ्यायचं. वैताग आहे नुसता.

तीन तुकडे उचलले. शिक्क्याचा चौथा कूलरच्या हवेने उडाला तो रद्दीच्या गठ्ठ्यांमागे. घरी येऊन बायकोला हसत हसत सांगितलं, वाटलं ती माझ्या बाजूने चिडेल. ती दारातच म्हणाली, तिथेच थांब, कशाला हात लावू नको. दुपारी तीनला गच्चीवरच्या टाकीचं पाणी काय असतं हे नागपूरकरांना सांगायला नको. चहा टाकता आला असता.

लालबुंद होऊन बाहेर आलो, तुकडे जुळवले, भिंग घेऊन बसलो. पेन्सिलीची अर्धी ओळ लागली: "छत्री आमचेकडेच राहिली आहे, काळजी नसावी."

छत्रीचं सुतक पाळलं मी.

दुसऱ्या दिवशी चौथा तुकडा शोधायला परत गेलो. भंगारवाल्याने तो गल्ल्यातून काढला, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातलेला.

"डेढ़ सौ."

"अरे, दोनशे दिले ना काल पूर्ण कार्डाचे!"

"वो अंकल बोल के गए, इसपे तारीख है. तारीखवाला महंगा आता."