नकाशावरचा ठिपका म्हणजे पडून गेलेली वीज

“दामिनी अ‍ॅप उपग्रहातून ढगांवर नजर ठेवतं आणि वीज नेमकी कुठे पडणार ते अर्धा तास आधी दाखवतं. गावावर ठिपका नसेल तर खुशाल शेतात जा.” वळीव सुरू झाला की हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्यातलं शेवटचं वाक्य जिवावर बेतणारं आहे.

“उपग्रहातून.” नाही. दामिनीला माहिती देणारे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संवेदक देशभर जमिनीवरच आहेत. वीज चमकली की रेडिओलहरींचा स्पंद, म्हणजे क्षणिक झटका, निघतो. तो कधी पोचला, हे संवेदकाचं प्रत्येक केंद्र जीपीएसच्या घड्याळावर नोंदवतं. उपग्रहाचा संबंध त्या घड्याळापुरता.

“नेमकी कुठे.” एका केंद्राच्या वेळेवरून काहीच कळत नाही, कारण वीज कधी चमकली हेच माहीत नसतं. दोन केंद्रांच्या वेळांत 100 मायक्रोसेकंदांचा फरक असेल, तर एक केंद्र विजेपासून दुसऱ्यापेक्षा 30 किलोमीटर लांब आहे. अशा सगळ्या जागा अपास्त नावाच्या वक्रावर येतात. तिसरं केंद्र दुसरा वक्र देतं. पण दोन वक्र कधीकधी दोन ठिकाणी छेदतात, म्हणून चौथं केंद्र लागतं. त्याहून जास्त असली तर उत्तमच, कारण मग चुकीची नोंद ओळखून वगळता येते.

चुका बहुधा घड्याळात नसतात, लहरीच्या वाटेत असतात. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे 300 मीटर. डोंगर आणि कोरडी, कमी वाहक जमीन स्पंदाला उशीर लावतात, त्याचा आकारही पसरवतात. दूरच्या केंद्राने आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित झालेला स्पंद थेट आलेला समजला, तर चूक किलोमीटरांत जाते. जाळ्याबाहेर, म्हणजे कोकणापुढे अरबी समुद्रात, वक्र फार लहान कोनात छेदतात आणि ठिपका लांबवर सरकू शकतो. वीज जमिनीवर पडली की ढगातच राहिली, हे स्पंदाच्या आकारावरून ठरतं. तिथेही गफलत होते.

“आधी दाखवतं.” ठिपका पडून गेलेल्या विजेचा. अ‍ॅपचा 20 आणि 40 किलोमीटरचा इशारा सांगतो की जवळपास विजा होत आहेत. पुढची कुठे पडेल हे नाही. नव्या ढगाच्या पहिल्या विजेआधी तर नकाशा कोराच असतो.

“ठिपका नाही, शेतात जा.” पावसापासून 10 किलोमीटरवरही वीज पडते. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका, नकाशा काहीही दाखवो.