फाईल तुमची, तिकीट आमचं

काका, नमस्कार. आयटी ऑफिसातल्या मंजुऱ्या आणि राजकारणावरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, 'पस्तीस वर्षं सरकारी खात्यात फायली फिरवल्या, कधी कुरकुर केली नाही. काम चोख असलं की राजकारण आडवं येत नाही. मिहानच्या एसीत बसून तुम्ही पोरं रडता.' मिहानमधल्या, म्हणजे नागपूरच्या आयटी कंपन्यांच्या भागातल्या, एसीबद्दल वाद नाही. मे महिन्यात नागपुरात निम्मा पगार तोच आहे.

मंजुऱ्यांबद्दलही माझी तक्रार नाही. चालू सिस्टिमला कोणीही उठून हात लावावा, असं मी कुठं म्हटलं? माझं दुखणं वेगळं आहे, आणि तुमची प्रतिक्रिया वाचतानाच ते मला नीट उमगलं. तुमच्या फायलीवर टिपणी राहते. कनिष्ठ अभियंत्यानं 'धोका आहे' लिहिलं आणि साहेबांनी खाली 'चर्चा करावी' असा शेरा मारला, तरी दोघांच्या सह्या तारखेसकट तिथंच. माहिती अधिकारात त्या मागताही येतात. 2005 च्या दप्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे तर एका टेबलावर फाईल सहसा सात कामकाजाच्या दिवसांवर थांबू नये. (पाळतात किती, ते तुम्हालाच ठाऊक.)

आमच्याकडे सगळं कॉलवर, तोंडी. जुन्या नोकरीत एका सर्व्हरची डिस्क 88 टक्के भरली होती. वाढवायचं तिकीट, म्हणजे सिस्टिममध्ये नोंदवायची कामाची मागणी, टाकलं. मंजुरीची मीटिंग फक्त गुरुवारी. दोन गुरुवार आमचा नंबरच लागला नाही. आठवड्याच्या रिपोर्टमध्ये मी ती ओळ लाल केली, मॅनेजरनं पिवळी, त्याच्या वरच्यानं हिरवी. मग फोन आला, 'तिकीट मागे घे ना बावा, क्वार्टर संपला की नवीन टाकू.' घेतलं. पुढच्या आठवड्यात रात्री अडीचला सिस्टिम बसली. चौकशीत नोंद एकच सापडली: तिकीट मागे घेतलं, माझ्या नावानं. बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरावीक जणांना खालची श्रेणी द्यायचीच अशा वार्षिक मूल्यमापनात, त्या वर्षी कोणाला तरी खाली ढकलायचंच होतं.

आणि चोख कामाचं म्हणाल, तर अमेरिकन अभियंता रॉजर बॉइसजोली यांचं काम चोखच होतं. चॅलेंजर अवकाशयानाचे बूस्टर रॉकेट त्यांची कंपनी बनवायची; त्यातल्या ओ-रिंगबद्दल, म्हणजे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांबद्दल, त्यांनी 31 जुलै 1985 ला मेमो लिहिला, उड्डाणाच्या आदल्या रात्री थंडी पाहून पुन्हा विरोध केला. कंपनीच्या व्यवस्थापनानं तो बाजूला सारला. 28 जानेवारी 1986 ला उड्डाणानंतर यान फुटलं, सात जण गेले. मेमो कागदावर होता, म्हणून निदान चौकशी आयोगापुढे तरी आला.

हल्ली मी प्रत्येक कॉलनंतर 'बोलणं झाल्याप्रमाणे' असा दोन ओळींचा मेल टाकतो. परवाच मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून विचारलं, 'मेल कशाला? तोंडी सांगत जा ना.' तुम्ही साहेबांशी असहमती टिपणीत कशा शब्दांत मांडायचात, तेवढं जमल्यास लिहून पाठवा, काका. मला हवं आहे.