शेरीफच्या नावापुढचा गोल रिकामा सोडणाऱ्यांनो

परवा पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एका शिकल्यासवरल्या माणसाने मला विचारलं, "शेरीफ म्हणजे आपल्या मुंबईच्या नगरपालासारखंच ना? मानाचं पद?" हा माणूस अठरा वर्षं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनाच्या वेक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) राहतोय. सिटिझन होऊन नऊ वर्षं झाली. मत दिल्याचं स्टिकर छातीवर लावून दरवेळी फोटो टाकतो. आणि मतपत्रिकेवरचा शेरीफच्या नावापुढचा गोल त्याने आजवर एकदाही भरलेला नाही. "कोण ओळखतं त्यांना," म्हणाला. मी ताट ठेवून उठले. अजून डोकं शांत झालेलं नाही.

अहो, मानाचं पद नाही ते! मुंबईचा नगरपाल सरकार नेमतं, वर्षभरासाठी. सुनील गावसकर होते, दिलीपकुमार होते. त्यांच्या हाताखाली ना पोलीस, ना तुरुंग. इथल्या शेरीफकडे बंदूकधारी डेप्युटींचं, म्हणजे हाताखालच्या पोलिसांचं, अख्खं खातं आहे आणि जेलच्या किल्ल्या आहेत. नाव तेवढं एक.

"पण आमच्या कॅरी गावात वेगळे पोलीस आहेत की." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आहेत ना! पण त्याच पोलिसांनी पकडलेल्या माणसाला रात्री नेतात कुठे? काउंटीच्या जेलमध्ये. ते जेल चालवतो शेरीफ. आत बहुतेक कच्चे कैदी असतात, गुन्हा शाबीत न झालेले, कित्येक तर जामिनाला पैसे नाहीत म्हणून अडकलेले. औषध वेळेवर मिळणार का, जीव द्यायला निघालेल्या पोरावर रात्री कुणी नजर ठेवणार का, हे शेरीफ खातं कसं चालवतो त्यावर ठरतं. कोर्टातला बंदोबस्त त्याचा. समन्स घेऊन दारात येतो तो त्याचा माणूस. भाडं थकलेल्या कुटुंबाला घराबाहेर काढायचा कोर्टाचा हुकूम बजावतो तोही त्याचाच. पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना तो देतो. आणि हे सगळं मुख्यतः काउंटीच्या पैशावर चालतं, म्हणजे ज्या प्रॉपर्टी टॅक्सच्या नावाने आपण दर पार्टीत बोटं मोडतो त्यावर.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका मुलाला रात्री अटक झाली. आईवडिलांचा मला फोन, रडत. जेल कुणाच्या ताब्यात असतं? आत भेटायला कसं जायचं? त्याची दम्याची औषधं आहेत, ती कुणाला सांगायची? दोघंही वीस वर्षं इथे. मला त्यांची दया आली आणि तितकाच संताप आला.

शहराच्या पोलीस चीफला शहराचा मॅनेजर घरी पाठवू शकतो. शेरीफला काउंटीचा कारभार बघणारे निवडून आलेले कमिशनर काढू शकत नाहीत, गव्हर्नरही नाही. आपल्याच राज्यातली कोलंबस काउंटी बघा. तिथल्या शेरीफचं कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांबद्दल गरळ ओकणारं फोनवरचं बोलणं 2022 मध्ये बाहेर आलं. त्याला हटवायला सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज करावा लागला, तेव्हा ऑक्टोबरात शेरीफने राजीनामा दिला. नोव्हेंबरात लोकांनी त्यालाच पुन्हा निवडून दिलं! सरकारी वकील परत कोर्टात, आणि जानेवारी 2023 मध्ये परत राजीनामा. एका माणसाला हटवायला एवढी यातायात. निवडतानाच डोळे उघडे ठेवले असते तर?

आणि पात्रता? नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्यघटनेत 2010 मध्ये दुरुस्ती झाली, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस शेरीफ होऊ शकत नाही. पण पोलिसात एक दिवस तरी काढलेला असावा, अशी अट नाही. उमेदवाराची चाळणी लावायची ती आपणच.

पैशाचं ऐकायचंय? अलाबामात कैद्यांच्या जेवणाच्या निधीतून उरलेली रक्कम शेरीफ स्वतः ठेवत असत, जुन्या कायद्याचा आधार घेऊन. एटोवा काउंटीच्या शेरीफने असे साडेसात लाख डॉलरांहून जास्त घेतले आणि समुद्रकिनारी घरही घेतलं. बातमी फुटली आणि 2018 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मतदारांनी त्याला पाडलं.

प्रायमरी! आपले लोक तिकडे फिरकतच नाहीत. इथे शेरीफ पक्षाच्या चिन्हावर लढतो, तेही मिडटर्मला, राष्ट्राध्यक्षाच्या दोन निवडणुकांच्या मधल्या वर्षी: 2018, 2022, 2026. म्हणजे राष्ट्राध्यक्षासाठी दोन तास रांगेत उभी राहणारी मंडळी नेमकी त्या वर्षी घरी. वेक काउंटीत 2022 मध्ये पदावरचा शेरीफ प्रायमरीच्या जुलैतल्या दुसऱ्या फेरीत हरला. जुलैत! आपण तेव्हा भारतात किंवा बीचवर. कुठल्याच पक्षात नाव नसलं तरी इथे प्रायमरीत मत देता येतं, एका पक्षाची मतपत्रिका मागायची, बस. आणि एक खूण करून अख्ख्या पक्षाला मत द्यायची सोय 2014 पासून गेलीये. शेरीफचा गोल वेगळा भरावाच लागतो.

त्या एका गोलाने काय होतं? 2018 मध्ये वेक आणि मेक्लेनबर्ग या दोन्ही काउंट्यांत नवे शेरीफ आले आणि त्यांनी इमिग्रेशन खात्याशी असलेला 287(जी) करार, म्हणजे जेलमधल्या माणसांचे इमिग्रेशनचे कागद शेरीफच्या माणसांनी तपासायचा करार, बंद केला. तुम्हाला ते पटो न पटो, पण निर्णय एका खुर्चीवरून झाला. पुढे 2024 मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून, इमिग्रेशन खात्याशी सहकार्य करायची सक्ती शेरीफांवर आणली. व्हिसावरच्या आपल्या भाच्या-पुतण्यांचं आयुष्य ज्यावर हेलकावे खातं, ती गोष्ट "कोण ओळखतं त्यांना" म्हणून सोडायची?

ओळख करून घ्या ना मग! उमेदवार दारोदार फिरतात. त्यांना विचारा: चार वर्षांत जेलमध्ये किती माणसं दगावली, का दगावली? कर्मचाऱ्यांच्या किती जागा रिकाम्या आहेत? कैद्यांचा डॉक्टर रात्री असतो का? दिवाळीच्या कार्यक्रमाचं बजेट तासभर पिसणारी माणसं आपण, आपल्याला हे तीन प्रश्न जड नाहीत.

पुढच्या पॉटलकला मी सँपल बॅलट, म्हणजे नमुना मतपत्रिका, छापून आणणार आहे, प्रत्येक घरासाठी एक. शेरीफची रांग लाल पेनाने गोल करून. जेवायला नंतर बसू.