“जळकं ऑइल फेकू नका” – नकाच फेकू, पण कुत्र्याला तरी फासू नका

परवा आत्याकडे गेलो तर दारातच मोती. एरवी हा कुत्रा तपकिरी आहे. त्या दिवशी कमरेपासून मागे काळा कुळकुळीत, आणि जिथे बसला होता तिथे फरशीवर त्याच्या बुडाचा गोल ठसा. मला वाटलं कुठल्यातरी गाडीखाली लोळून आलाय. तर आत्येभाऊ कौतुकाने सांगतो, “खरजेला लावलंय, जळकं ऑइल, तीन दिवसांत साफ होते. तुला पण पाठवला होता ना मेसेज, वाचला नाहीस का?”

पाठवला होता खरा. मी न वाचता सोडून दिला ही माझी चूक, कारण वाचला असता तर त्याच दिवशी फोन करून त्याला झापला असता. “वापरलेलं इंजिन ऑइल फेकू नका, घरच्या घरी ७ उपयोग, कंपन्या हे कधीच सांगणार नाहीत” असा मेसेजचा मथळा, आणि खाली यादी: कुत्र्याच्या खरजेवर लावा, अंगणात शिंपडा म्हणजे धूळ बसते आणि तण मरतं, लाकडाला फासा म्हणजे वाळवी लागत नाही, चेन आणि बिजागऱ्यांना घाला, भुशात भिजवून जळण करा, रिकाम्या पाण्याच्या बाटल्यांत भरून ठेवा कितीही वर्षं टिकतं, आणि तरी उरलंच तर खड्डा करून ओता नाहीतर साबणाच्या पाण्यात फेटून ड्रेनेजमध्ये सोडा, कारण “तेल जमिनीतूनच आलंय, जमिनीतच जाणार”.

आधी कुत्र्याचं बोलू, बाकीचं नंतर.

खरूज होते ती कातडीत बिळं करून राहणाऱ्या बारीक किड्यांमुळे. वरून तेलाचा जाड थर दिला तर काही किडे गुदमरून मरतही असतील, कोरड्या कातडीला जरा बरं वाटून खाजही कमी होत असेल, म्हणून “आमच्याकडे गुण आला” म्हणणारे सगळे खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. गंधकाची औषधं खरजेवर फार पूर्वीपासून वापरतात हेही खरं, आणि ऑइलमध्ये गंधक असतं असं कुणीतरी कुठेतरी वाचलेलं असतं. झालं, जोडलं एकाला एक. पण डबा उघडून नवं ऑइल लावणं वेगळं आणि हजारो किलोमीटर इंजिनात शिजलेलं ऑइल लावणं वेगळं. ते काळं होतं ते काजळीने, आणि त्या काजळीसोबत अर्धवट जळलेलं पेट्रोल-डिझेल, त्यातून तयार झालेले पीएएच म्हणून ओळखले जाणारे पदार्थ, बेअरिंगची झीज, तांबं, लोखंड, आणि ॲडिटिव्हमधलं, म्हणजे ऑइलमध्ये मुद्दाम घातलेल्या रसायनांमधलं, जस्त असं सगळं त्यात उतरलेलं असतं.

आता हे मी माझ्या मनाने सांगत नाहीये. अमेरिकेत विषारी पदार्थांचा अभ्यास करणारी एटीएसडीआर नावाची सरकारी संस्था आहे, तिने १९९७ साली फक्त ह्या एका गोष्टीवर, म्हणजे गाडीतून काढलेल्या वापरलेल्या ऑइलवर, अख्खा अहवाल काढलाय. त्यात दिलंय की उंदरांच्या कातडीला हे ऑइल दीर्घकाळ लावत राहिलं तर कातडीचा कॅन्सर होतो, आणि ज्या ऑइलमध्ये पीएएच जास्त त्याने कॅन्सरही जास्त, म्हणजे दोष कुणाचा तेही कळतं. त्यातच गायींचाही उल्लेख आहे. असलं ऑइल सांडलेल्या कुरणात चरलेल्या गायींना रक्तक्षय झाला, अंग थरथरायला लागलं, काही मेल्या, कारण त्यात शिसं आणि मॉलिब्डेनम हे धातू होते. शिसं घातलेलं पेट्रोल गेल्यापासून ऑइलमधलं शिसं खूप कमी झालंय हे मान्य, पण म्हणून ते औषध होत नाही ना.

आणि मुख्य मुद्दा कुणी लक्षातच घेत नाही, कुत्रा चाटतो! तुम्ही मांडीला लावलेलं दहा मिनिटांत पोटात गेलेलं असतं. मी तिथे उभा असताना मोती मागचा पाय वर करून निवांत चाटत बसला होता, जीभ काळी, ओठांच्या कडा काळ्या, आणि आत्येभाऊ म्हणतोय “चाटू दे रे, थोडंसं तर आहे.” मग एकाने तोंड धरलं, दुसऱ्याने आधी जुन्या फडक्यांनी कोरडंच पुसून काढलं, मग भांडी घासायचा लिक्विड साबण आणि कोमट पाणी, चार वेळा. पहिल्या दोन वेळा नुसता काळा फेस. तिसऱ्यांदा राखाडी झाला तेव्हा खालची कातडी दिसली, खरजेने आधीच सोललेली, त्यावर ह्या ऑइलने लालबुंद झालेली. (कुणावर ही वेळ आलीच तर ऑइल काढायला पेट्रोल-रॉकेल लावू नका, ते आणखी वाईट. आणि पोटात गेलं असेल तर उलटी करवायला जाऊ नका, सरळ डॉक्टरांना फोन करा.) दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली आणि गोळी दिली. गोळी! ह्या रोगाला आता गोळ्या आहेत, मानेवर सोडायचे थेंब आहेत, आणि प्रत्येक खाज म्हणजे खरूजच असते असंही नाही, बुरशी असते, ॲलर्जी असते. सगळ्यांवर एकच काळा लेप, ही कुठली चिकित्सा म्हणायची?

आता अंगणात शिंपडायचं. धूळ बसते का, तर बसते. तणही मरतं, कारण त्या मातीत दुसरंही काही जगत नाही. पण हा उपयोग एका गावाने आधीच करून बघितलाय. अमेरिकेत मिझुरी राज्यात टाइम्स बीच नावाचं दोनेक हजार वस्तीचं गाव होतं. रस्ते कच्चे, धूळ फार, म्हणून १९७२ ते १९७६ एका कंत्राटदाराकडून रस्त्यांवर टाकाऊ ऑइल मारून घेतलं. त्या माणसाने ऑइलमध्ये एका केमिकल कारखान्याचा कचरा मिसळला होता, त्यात डायऑक्सिन नावाचं जहाल विष. त्याआधी त्यानेच घोड्यांच्या पागेत ऑइल मारलं होतं, तिथे घोडे पटापट मेले होते. १९८३ मध्ये सरकारने गावच्या गाव विकत घ्यायचं ठरवलं आणि पुढे ते रिकामं झालं. आता लगेच म्हणाल की तो दोष डायऑक्सिनचा, साध्या ऑइलचा नाही. बरोबर आहे. पण त्या गावातल्या लोकांनाही ते साधं टाकाऊ ऑइलच वाटलं होतं. काळ्या ऑइलचं हेच तर आहे, आत काय मिसळलंय ते बघून कळत नाही, वासानेही कळेलच असं नाही.

लाकूड, चेन, बिजागऱ्या: बिजागरीला एक थेंब घातलात तर मी पोलीस बोलावणार नाही. चेनला घातलं तर फिरताना ते चहूबाजूंनी उडतं आणि त्यातली धातूची कीस चेन झिजवते. लाकडाला लावलं तर काही दिवस पाणी धरत नाही हे खरं, पण ते वाळत नाही, हाताला कपड्याला लागत राहतं, वर कधी रंग बसत नाही, आणि पावसाने हळूहळू खालच्या मातीत उतरतं. पुढे चला.

जळण. ह्यात अर्धं सत्य आहे, मनात नसताना सांगतो. वापरलेलं ऑइल जाळायला खास बनवलेले हीटर असतात, धूर बाहेर काढायची सोय असलेले, आणि काही देशांत ते कायदेशीर आहेत. पण भुशात ऑइल भिजवून उघड्यावर किंवा चुलीत जाळणं म्हणजे तो हीटर नव्हे. जस्त आणि कॅल्शियम जळून नाहीसे होत नाहीत, धुरातून आणि राखेतून बाहेर येतात, आणि तुम्ही त्या धुरात तोंड घालून फुंकर मारताय.

पाण्याच्या बाटल्यांचं वाचून खरंच डोकं फिरलं. पाण्याची बाटली दिसली की माणूस तोंडाला लावतो, लहान मूल तर लावतंच. शिवाय ती बाटली पातळ असते, आडवी पडली, चेपली की झाकणातून गळायला लागते. सगळ्यात सोपा उपाय मेसेजवाल्याला सुचलाच नाही: नवं ऑइल ज्या कॅनमधून आलं त्याच कॅनमध्ये जुनं परत भरायचं. माप बरोबर, झाकण घट्ट, वर “ऑइल” आधीच छापलेलं. नरसाळं लावा, कॅन काठोकाठ भरू नका, तारीख टाका, उभा ठेवा, मुलांच्या हाताला आणि उन्हाला लागणार नाही असा. ब्लीच, कीटकनाशक, रंग, कूलंट ह्यांचे रिकामे डबे कितीही धुतले तरी वापरू नका. आणि त्यात दुसरं काहीही ओतू नका, ना थिनर, ना ब्रेक फ्लुइड, ना गाडी धुतलेलं पाणी. क्लोरीनवाला एखादा सॉल्व्हंट थोडासा जरी पडला तरी खेळ खलास. अमेरिकी नियमात हॅलोजन (क्लोरीन त्यातलाच एक) १००० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांच्या, वर निघाले की ते ऑइल धोकादायक कचरा समजायचं, तसं नाही हे तुम्ही सिद्ध करा. म्हणून कलेक्शन सेंटरवाले मिक्स ऑइल दिसलं की हात वर करतात, तुमच्या एका कॅनने त्यांची अख्खी टाकी नासते.

ऑइल फिल्टरचं तर मेसेजमध्ये नावच नाही. काढलेल्या फिल्टरच्या पोटात बरंच ऑइल अडकलेलं असतं. इंजिन गरम असतानाच काढून, वरच्या घुमटाला भोक पाडून, रात्रभर उलटा टांगून निथळू द्या. बारा तास सांगितलेत. मग तो लोखंडाच्या भंगारात जाऊ शकतो.

राहिलं “जमिनीतूनच आलंय”. १९६३ मध्ये एका अमेरिकी मासिकाने खरोखरच सल्ला छापला होता की खड्डा खणा, त्यात बारीक खडी भरा, जुनं ऑइल ओता, पुढच्या ऑइल चेंजपर्यंत जिरून जाईल. जिरतंच, पण कुठे जिरतं हे त्या काळी कुणी विचारलं नाही. खनिज तेल जमिनीत खोल, वर घट्ट खडकाचं झाकण असलेल्या जागी असतं. तुम्ही ओतताय ते वरच्या चार फुटांत, जिथून विहिरी-बोअरला पाणी जातं. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की एका ऑइल चेंजमधून निघालेलं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८ लाख लिटर गोडं पाणी खराब करू शकतं. आणि साबणात फेटल्याने ऑइल नाहीसं होत नाही, त्याचे बारीक थेंब होतात आणि उलट जास्त लांब जातात. पावसाच्या पाण्याच्या गटारात सोडलं तर बहुतेक ठिकाणी ते काहीही प्रक्रिया न होता सरळ ओढ्यात जातं.

मेसेजमधला एकच शब्द मला पटतो, “फेकू नका”. ऑइल झिजून संपत नाही, घाण होतं. साफ करून परत ल्युब्रिकंट बनतं. ईपीएच्याच हिशोबाने एक गॅलन जुन्या ऑइलमधून अडीच क्वार्ट, म्हणजे साधारण २.४ लिटर, चांगलं ऑइल निघतं, आणि तेवढंच नव्याने काढायला ४२ गॅलन क्रूड, म्हणजे अख्खं बॅरल लागतं. कंपन्या हे सांगत नाहीत म्हणे. अहो, कित्येक कॅनच्या पाठीवरच छापलेलं असतं, वाचतं कोण!

आत्येभावाच्या सिंकखाली तीन बाटल्या निघाल्या. त्यातल्या दोन बाटल्या कॅनमध्ये ओतून घेतल्या, शनिवारी एका गॅरेजमध्ये नेऊन देणार, ते घेतात की नाही हे फोन करून आधी विचारलंय. तिसरीत ऑइल आहे की कूलंट आहे की दोन्ही, हे त्यालाही सांगता येईना. ती वेगळी ठेवलीय, वर मार्करने “मिक्स, तोंडाला लावू नये” लिहून.