बोटीचा नंबर काय?

पावसाळा तोंडावर आला, पोरांना हुरूप आला आणि तुम्ही गावात आपत्ती निवारण पथक काढायचं ठरवलंत. छान. कर्नाटकातल्या आपल्या निपाणी तालुक्यात वेदगंगा-दूधगंगा फुगल्या की जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, कारदगा-भोज हे रस्ते आधी बुडतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण सरकारच्या पाठिंब्यानं काम करायचं तर थोडी पथ्यं पाळावी लागतात.

अर्ज कन्नडमध्ये करा, तीन प्रतींत. पोचपावती मागू नका, वाईट दिसतं.

'आपदा मित्र' या सरकारी स्वयंसेवक योजनेचं बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळालं तर प्रमाणपत्र लॅमिनेट करून घ्या, भिजत नाही. किटमधले गमबूट आवर्जून घाला. ओढीच्या पाण्यात ते भरतात आणि पाय उचलत नाही, म्हणून पाण्यात उतरणारा जाणता माणूस ते काढूनच ठेवतो. पण फोटोत शोभतात.

तुमच्या विम्याची मुदत संपली का, हे विचारू नका.

लाइफ जॅकेटं आणि दोर तालुक्याच्या गोदामात कुलूपबंद राहू द्या. रस्ता तुटल्यावर किल्ली तिकडे आणि पाणी इकडे, अशीच व्यवस्था शिस्तीची. ओला नायलॉनचा दोर न वाळवता पोत्यात कोंबा, म्हणजे पुढच्या वर्षी बुरशीसकट तयार.

आता बोटीचं इंजिन. ते ऑक्टोबरात टाकीतल्या पेट्रोलसकट ठेवून द्यावं. जूनपर्यंत कार्बोरेटरमध्ये चिकट राळ धरते आणि दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. गाळाच्या पाण्यात चालवल्यावर स्वच्छ पाण्यानं धुऊ नका. पाणीपंपाचा रबरी इम्पेलर बदलू नका, त्याच्या पाकळ्या कडक होऊन तुटतात, थंड पाण्याची धार बंद पडते आणि इंजिन भर प्रवाहात तापून जाम होतं. तेल खास बोटीच्या इंजिनाचं, पेट्रोलच्या लिटरला वीस मिली. पण मोटारसायकलचं स्वस्त पडतं, तेच ओता, प्लग काजळले तर नशीब. आणि आपल्याकडे पूर म्हणजे उसातून बोट घालणं. पाल्यानं पंखा गुंडाळला की लहान इंजिनाची शिअर पिन, म्हणजे पंखा धरणारी नरम खीळ, तुटते. चार पिना जास्तीच्या ठेवायला शंभर-दोनशे रुपये लागतात, पण त्यांची तरतूद कुठल्या खात्यात बसते?

तरतुदीवरून आठवलं, पेट्रोल. पंचवीस अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन प्रवाहाविरुद्ध पूर्ण जोरात तासाला दहा-बारा लिटर पितं. ते तुम्ही पदरच्या पैशानं भरायचं. कॅनमध्ये मिळत नाही, त्यासाठी पंपावर हातापाया पडायचं. मग बिल लावायचं. ते परत येतं. शेरा असतो: वाहन क्रमांक नमूद नाही, लॉगबुक जोडलेलं नाही. वाहन क्रमांक! बोटीचा! रबरी बोटीला आरटीओची पाटी कुठं ठोकायची, हवेच्या कप्प्यावर? आणि लॉगबुक कधी लिहायचं, एका हातात म्हातारी आणि दुसऱ्या हातात वल्हं असताना? लोंबत्या तारेखालून जाताना हेस्कॉम या वीज कंपनीनं फीडर बंद केलाय की नाही, याची खात्री करावी की किलोमीटर मोजावेत?

पूर्वी लोक गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हणजे गुळाच्या कढईत, बसून नदी ओलांडायचे. तिचाही नंबर कुणी विचारला नव्हता.

बास झालं, सरकारी साहेबांनो. २००५, २०१९, २०२१, तीन महापूर बघूनही हीच तऱ्हा असेल तर हा अडाणीपणा नव्हे, निगरगट्टपणा आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ नुसार तुम्ही आमचं वाहन ताब्यात घेऊ शकता, मग ते यंत्रावर चालो वा वल्ह्यावर. कलम ६६ नुसार त्याची भरपाईही द्यायची असते. पहिलं कलम तुम्हाला तोंडपाठ, दुसरं येतच नाही! २०२१ ते २०२६ साठी राज्य आपत्ती निधीतला दहा टक्के वाटा पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी ठरवून दिला. त्यात इम्पेलर बसत नाही, पिना बसत नाहीत, विमा बसत नाही. बसतो फक्त मंडप आणि बॅनर. फुकट राबणाऱ्या पोराला चोर समजून पावत्या तपासता, लाज वाटत नाही? सत्काराच्या शाली घरी ठेवा. मे महिन्यात दोन टाक्या पेट्रोल, नवे प्लग आणि चालू विम्याचा कागद द्या. आणि गोदामाची किल्ली गावात ठेवा.