वक्ता बोलवा, पण आधी ऐकून घ्या

शाळांनी परिपाठाला मानधन देऊन प्रेरणादायी वक्ते बोलवावेत, असा सल्ला एका लेखात वाचला. तो ठीक. पण ते काय बोलणार हे आधी तपासतं कोण? २०२४ मध्ये चेन्नईच्या मुलींच्या एका सरकारी शाळेत अशाच वक्त्याने अपंगत्वाचा संबंध थेट मागच्या जन्मीच्या पापांशी जोडला. भर कार्यक्रमात त्याला अडवलं ते तिथल्याच एका दृष्टिहीन शिक्षकाने. मुलींनी त्या दिवशी खरं भाषण कुणाचं ऐकलं, सांगा! आमच्याकडे १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद जयंती एकत्र, त्यामुळे मिळेल तो वक्ता. उन्हात बसलेली पोरं टाळ्या वाजवतात, पण त्या गणिताचा तास बुडाला म्हणून. त्यापेक्षा शाळेचीच, आता नर्स झालेली एखादी माजी विद्यार्थिनी बोलवा. तिला पोरं प्रश्न तरी विचारतील.