टाच भिंतीवर ठेवून ओढू नका: भरतीच्या पोरांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

रविवारी बहिणीकडे जेवायला गेलो, तर भाची ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवत होती. विचारलं तर म्हणाली, "मामा, बसलं की बुडाचं हाड टोचतंय. मागं मांडीत ओढ लागते."

पोरगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे विजापूर रोडला पळायचं, मग दिवसभर अभ्यासिकेतल्या लाकडी खुर्चीवर. तीन आठवड्यांपूर्वी फक्त 100 मीटर जोरात मारताना कुल्ल्याच्या तळाशी दुखायचं. मग अकॅडमीच्या ग्रुपवर एक मेसेज आला, तिने तो बारा दिवस इमानेइतबारे पाळला, आणि आता तिला धड बसता येत नाही.

मेसेज मी पूर्ण वाचला. सार असं: पळणाऱ्याच्या कुल्ल्यात दुखतं म्हणजे सायटिकाची नस दबली. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, आखडलेत म्हणून ती दबली. टाच भिंतीवर किंवा कठड्यावर ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत ओढा, दिवसातून तीनदा. गाठ सुटली नाही तर पालथं पडून कुणाला तरी पायाने तुडवायला लावा. 45 दिवस पळणं पूर्ण बंद. भरती तोंडावर असेल तर पेनकिलर घेऊन पळा. एक्स-रे, एमआरआय म्हणजे नुसता खर्च. सात दिवसांत फरक, सगळ्यांना पाठवा.

मी डॉक्टर नाही. पण हेच दुखणं 2017 साली मला झालं होतं. मीही असंच ओढत बसलो आणि आठ महिने घालवले. म्हणून हे लिहितोय.

आधी सायटिका. ती नस कमरेतून निघून कुल्ल्यातून खाली जाते आणि बसताना टेकतं त्या हाडाच्या अगदी जवळून जाते, त्यामुळे गोंधळ होणं मी समजू शकतो. पण सायटिकाचं मूळ बहुतेक वेळा कमरेच्या मणक्यात असतं. कळ गुडघ्याच्या खाली, पोटरीत, पावलापर्यंत उतरते. मुंग्या येतात, बधिरपणा येतो. खोकलं, शिंकलं की पायात करंट जातो. भाचीला यातलं काहीच नाही. तिला विचारलं, कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव. तिने बोट थेट त्या हाडावर ठेवलं. तिन्ही हॅमस्ट्रिंग स्नायू वरच्या टोकाला त्याच हाडाला कंडरेने, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोरीने, जोडलेले असतात. बसल्यावर दुखणं, वाकल्यावर दुखणं, चढावर आणि वेगात दुखणं, सावकाश पळताना सुरुवातीला दुखून मग जरा मोकळं वाटणं, ही त्या कंडरेच्या दुखण्याची ठरलेली लक्षणं आहेत. नस दबलीच नसेल तर ती सोडवायची कशी?

आता त्या ओढण्याबद्दल, कारण सगळं नुकसान तिथेच झालंय.

आपण कमरेत वाकतो किंवा पाय वर उचलून समोर ठेवतो, तेव्हा ही कंडरा त्या हाडावरून वळते आणि हाडावर दाबली जाते. गाठोड्याची दोरी जिथे कोपऱ्यावर वळते तिथेच झिजते, तसं. खुर्चीवर बसलं की तोच भाग खालूनही दाबला जातो. म्हणजे जी कंडरा आधीच ताणाला आणि दाबाला कंटाळलेली आहे, तिला मेसेज सांगतो की टाच भिंतीवर ठेव, पुढे वाक, आणि रडू येईपर्यंत ताण आणि दाब दोन्ही दे. दिवसातून तीनदा! लगेच थोडं मोकळं वाटतं हे खरं, माझंही तसंच व्हायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालायला वाकलो की कळायचं.

शिवाय "आखडलंय" हे कुणी ठरवलं? भाची गुडघे न वाकवता दोन्ही तळहात जमिनीला टेकवते. तिचे स्नायू आखूड नाहीत. दुखणारी जागा शरीर घट्ट धरून ठेवतं, आणि तो घट्टपणा आपल्याला आखडल्यासारखा वाटतो.

हे माझ्या मनाचं नाही. अस्थिरोग आणि क्रीडा फिजिओथेरपीचं 'जेओएसपीटी' नावाचं अमेरिकन नियतकालिक आहे. त्यात 2016 साली टॉम गूम, पीटर मॅलियारस, मायकेल रीमन आणि क्रेग पर्डम यांचा याच दुखण्यावर सविस्तर लेख आला. माझ्या फिजिओने तो मला वाचायला लावला होता. मुख्य सांगणं असं: सुरुवातीला कंडरा हाडावर दाबली जाईल असं काही करू नका, आणि तिला टप्प्याटप्प्याने भार घ्यायला शिकवा. ओढून ती बरी होत नाही, काम देऊन होते.

पहिला टप्पा घरात चटईवर होतो. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, टाचा टेकवा, कंबर उचला आणि 30 ते 45 सेकंद तशीच धरा. चार-पाच वेळा. जमलं की टाचा थोड्या लांब सरकवा, मग एका पायावर. हे सहज व्हायला लागलं की वजन घेऊन सावकाश उचल-ठेव. कमरेत वाकून वजन उचलण्याचे व्यायाम त्यानंतर, आणि उड्या, स्प्रिंट सगळ्यात शेवटी. दुखण्याला दहापैकी गुण द्या. तीनपर्यंत दुखलं आणि 24 तासांत शांत झालं तर चालेल. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर आदल्या दिवशी जास्त झालं. याला सात दिवस नाहीत, महिने लागतात. भरतीच्या पोरांना हे ऐकायला नको असतं, पण खोटं सांगून मी काय करू?

बसण्याचंही बघा. तासातासाला उठा. घरातली जुनी चादर जाड घडी करून मांड्यांखाली घ्या, म्हणजे हाड अधांतरी राहतं. भाचीला पहिला आराम यानेच मिळाला.

तुडवून घेण्याबद्दल शांतपणे लिहिणं मला जड जातंय. त्या हाडाशेजारून शरीरातली सगळ्यात जाड नस जाते, आणि तिथे माणूस उभा करायचा? त्यात भरतीची पोरं सतरा-अठरा वर्षांची. या वयात ते हाड पूर्ण जुळलेलं नसतं, काहींचं विशीपर्यंत नसतं. जोरात स्प्रिंट मारताना कंडरा त्या हाडाचा तुकडाच उपटून काढू शकते. अशा पोराला "गाठ आहे" म्हणून तुडवलं तर काय होईल, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलाच नाही.

45 दिवस पूर्ण बंद, यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. स्प्रिंट, चढ आणि लांब ढांगा थांबवायलाच हव्यात. पण नुसतं झोपून राहिलं तर कंडरा आणखी कमजोर होते आणि 46 व्या दिवशी तेच दुखणं परत उभं राहतं. दुखत नसेल तर सपाटीवर, छोट्या पावलांनी, सावकाश पळता येतं.

पेनकिलर घेऊन पळणं तर सोलापुरात नकोच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जातो. घामाने पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. आणि दुखणं कळेनासं झालं तर थांबायचं कधी तेही कळत नाही.

एमआरआयचं म्हणणं नाइलाजाने अर्धं मान्य. बहुतेकांचं निदान हाताने तपासूनच होतं. पण पळताना "कट" असा आवाज येऊन मांडीमागे काळंनिळं झालं, किंवा एका पायावर उडी मारताच खुब्यात, जांघेत कळ आली, तर पळणं त्याच क्षणी बंद करून सिव्हिलला किंवा जवळच्या हाडांच्या डॉक्टरकडे दाखवा आणि ते सांगतील तो फोटो काढा. बसण्याच्या जागी बधिर झालं, लघवी-संडासावरचा ताबा गेला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघा.